पनवेलची रात्र आणि झोंपेचा इतिहास



राजे गादीवर केव्हां बसले, तह केव्हां झाले, कोणता गड कोणीं घेतला, हें आपल्या इतिहासग्रंथांतून बारकाईनें लिहिलेलें असतें. परंतु हीं सारीं कृत्यें करणारीं माणसें रात्रीं झोंपत केव्हां आणि किती, याची चौकशी करावी असें फारच थोड्या इतिहासकारांना वाटलें आहे. आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा निद्रेंत जातो. तेवढ्या हिश्श्याला जणूं इतिहासच नाहीं! एरव्हीं ही उणीव कोणाला जाणवत नाहीं, पण ज्याला रात्रीं झोंप येत नाहीं त्याला ती फार जाचते. आपले वाडवडील दिवेलागणीनंतर अंथरुणाला पाठ टेंकतांच घोरूं लागत आणि थेट कोंबडा आरवेपर्यंत निजत, अशी तो कल्पना करून घेतो. आणि आपल्याला तेवढें साधत नाहीं म्हणून अधिकच व्याकुळ होतो. निद्रानाशाच्या दुखण्यांतला मोठा वांटा या व्याकुळतेचाच असतो. तेव्हां ती कल्पना कितपत खरी आहे, हें एखाद्या गांवाच्या रात्री तपासून पाहावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

गांव मुद्दाम पनवेल निवडलें आहे. त्याला कारणें दोन. एक तर या गांवाच्या रात्रींवर कित्येक पिढ्या सूर्याची किंवा घड्याळाची सत्ता नव्हती. ती समुद्राच्या भरती-ओहोटीची होती. दुसरें असें कीं, याच गांवीं आयुर्वेदीय औषधांचा एक जुना कारखाना उभा राहिला, आणि त्यामुळें आपल्या वैद्यांनीं झोंपेविषयीं काय विचार केला होता व पुढें त्याचें काय झालें, हेंही येथें पाहावयास सांपडतें.

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या जुन्या वाटेवर पाण्याचा प्रवास संपून जमिनीचा प्रवास सुरू होई तो पनवेलास. मुंबईस मचव्यांत किंवा पडावांत बसावें, बंदर ओलांडून पनवेलच्या खाडींत शिरावें, धक्क्यावर उतरावें, आणि मग खोपोली, बोरघाट, खंडाळें असें वर चढत जावें, असा तो क्रम होता. बोरघाटांतून गाड्या जाण्याजोगा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला, आणि पनवेलच्या धक्क्यावरची वर्दळ वाढली. देशावरचा माल खालीं उतरे. कोंकणचें मीठ आणि भात वर जाई. बैलगाडीचीं चाकें करण्यासाठीं तर पनवेलची ख्याति घाटावर पसरली होती.

आतां या वर्दळीची वेळ कोणती? खाडी उथळ आणि गाळाची. ओहोटीला चिखल उघडा पडे, आणि भरलेलें गलबत जेथल्या तेथें रुतून बसे. म्हणून आंत येणें काय किंवा बाहेर पडणें काय, भरतीच्या पाण्यावरच करावें लागे. दोन भरत्यांमध्यें सुमारें साडेबारा तासांचें अंतर असतें, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षां सुमारें पन्नास मिनिटांनीं उशिरां येते. कोंकणच्या किनाऱ्यावरील माणसाला हें गणित पंचांगावरून येत असे: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां भरती. अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी बाराच्या सुमारास चढतें, एकदां भर दुपारीं आणि एकदां भर मध्यरात्रीं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळीं सहाला आणि संध्याकाळीं सहाला. पनवेलसारख्या आंतल्या बंदराला पाणी पोंचावयास आणखी थोडा वेळ लागे, एवढाच फरक.

या हिशेबाचा झोंपेशीं संबंध काय, तें आतां तुमच्या ध्यानांत येईल. ज्या तांडेलाचा पडाव भरतीवर अवलंबून, त्याची रात्र पंधरवड्यांतून एकदांही ठराविक वेळीं सुरू होत नसे आणि ठराविक वेळीं संपत नसे. आज तो रात्रीं बाराला सुकाणूवर, तर चार दिवसांनीं पहांटे तीनला. त्याच्या मागोमाग धक्क्यावरचे हमाल जागे, हमालांच्या मागोमाग गाडीवान जागे. गाडीवानाचें तर आणखी एक कारण होतें. उन्हाळ्यांत बैलांना दुपारचें ऊन सोसत नाहीं, म्हणून गाड्या रात्रींच हांकावयाच्या. बैलांना वाट ठाऊक असे, आणि धनी जूं सांभाळत सांभाळत डुलक्या घेई. खाडीच्या कडेला आगरी लोकांचीं खारीं शेतें आणि मिठागरें होतीं. उधाणाच्या रात्रीं बांधाला खांड पडली तर सारा गांव कुदळ-फावडें घेऊन चिखलांत उतरे. कारण खारें पाणी एकदां शेतांत पसरलें कीं त्या वर्षाचें पीक गेलें आणि जमीन नासली. कोळ्यांचीं डोळ-जाळीं लावणें आणि काढणें हेंही पाण्याच्या ओढीवरच. शिवाय दलदलीचा प्रदेश असल्यामुळें डांस! हिंवतापाचें मूळ डांसांत आहे हें १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं दाखवून दिलें. पण डांसामुळें झोंप मोडते हें शोधून काढण्यास पनवेलकरांना कोणा डॉक्टराची गरज पडली नव्हती.

हा झाला पुरुषांच्या रात्रीचा हिशेब. बायकांच्या रात्रीचा त्याहून कडक होता, आणि तो भरतीप्रमाणें बदलतही नसे. शेवटच्या प्रहरीं उठून जात्यावर बसावें आणि घरादाराला पुरेल एवढें पीठ उजाडण्यापूर्वीं दळून काढावें, हा नेम कोंकणांतही होता आणि देशावरही. जात्यावरच्या ओव्यांचें आपण फार कौतुक करतों. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांच्या परिश्रमानें पुण्यास एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला, तें कार्य थोरच आहे. पण त्या एक लाख ओव्या अपुऱ्या झोंपेंतून उठलेल्या बायकांनीं रचल्या आहेत, हें कौतुक करतांना विसरूं नये. पुढें पिठाच्या गिरण्या आल्या आणि ओव्या मागें पडल्या, म्हणून आपण हळहळतों. त्या गिरणीनें बायकांना पहांटेची झोंप परत दिली, ही गोष्ट माझ्या मतें गेलेल्या गाण्यांपेक्षां हलकी नाहीं.

एकंदरींत पाहतां, जुन्या काळीं सर्वांना अखंड आठ तासांची गाढ निद्रा लाभे, ही समजूत निदान पनवेलच्या बाबतींत टिकत नाहीं. युरोपांतही असाच शोध लागला आहे. रॉजर एकर्च नांवाच्या अमेरिकन इतिहासकारानें २००१ सालीं जुन्या रोजनिशा व न्यायालयांतील जबान्या धुंडाळून असें दाखविलें कीं, यंत्रयुगापूर्वीं तेथील लोक पहिली झोंप आणि दुसरी झोंप असे रात्रीचे दोन तुकडे मानीत. मध्यरात्रीच्या सुमारास ते उठत, विस्तव सारखा करीत, प्रार्थना करीत, बोलत बसत, आणि मग पुन्हां निजत. मात्र यावरून दोन तुकड्यांची झोंप हीच मनुष्याची स्वाभाविक झोंप, असें ठरविण्याची घाई करूं नये. २०१५ सालीं टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया येथील, विजेचा दिवा नसलेल्या तीन जमातींच्या झोंपेचें मोजमाप प्रसिद्ध झालें. ती झोंप बहुधा एकसंध निघाली. ते सूर्यास्तानंतर तीन-साडेतीन तासांनीं निजत, उजाडण्यापूर्वीं उठत, आणि एकंदर सहा-सात तासांहून अधिक झोंपत नसत. म्हणजे तेही आठ तासांचे धनी नव्हतेच. मौज अशी कीं, त्यांपैकीं दोन जमातींच्या भाषेंत निद्रानाशाला शब्दच सांपडला नाहीं.

पनवेलच्या हमालाच्या किंवा तांडेलाच्या भाषेंतही असा शब्द क्वचितच निघत असेल. त्याचें कारण तो पुरेसा झोंपत होता हें नव्हे. त्याला मोडलेली झोंप भरून काढण्याची मोकळीक होती, हें होय. ओहोटी लागली कीं गलबताच्या सांवलींत आडवें व्हावें. गाडी सोडली कीं झाडाखालीं घोंगडें अंथरावें. रात्रीचे चार प्रहर, प्रहराच्या साडेसात घटका, आणि घटका चोवीस मिनिटांची. पहारा हा शब्दही या प्रहरावरूनच आला. या मोजमापांत झोंप एका प्रहरांतून दुसऱ्या प्रहरांत सरकविण्यास जागा होती. सकाळीं दहा वाजतां कचेरींत हजर राहण्याचें बंधन त्या लोकांवर नव्हतें. अर्थात् मोकळीक होती ती पुरुषांनाच. जात्यावरच्या बाईला दुपारीं निजावयास कोणी सांगितलें असेल, असें मला वाटत नाहीं.

झोंपेचें हें देणें बुडवितां येत नाहीं, याचा एक मोठा दाखला या तालुक्यांतील माणसाच्या चरित्रांत आहे. पनवेलजवळच्या शिरढोण गांवीं ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. १८७९ सालीं त्यांनीं इंग्रज सरकाराविरुद्ध बंड उभारलें आणि शेवटचे कित्येक दिवस पाठलाग चुकवीत, आजारी शरीरानें, रानावनांतून काढले. सरकारनें बक्षिसें लावलीं, फौजा पाठविल्या. पण जुलै महिन्यांत विजापूर भागांत देवर नावदगी येथें मेजर डॅनियल यांनीं त्यांना पकडलें तेव्हां ते देवळांत झोंपलेले होते. जागेपणीं जो माणूस महिनोनमहिने हातीं लागला नव्हता, त्याला निद्रेनें धरून दिलें. पुढें एडनच्या तुरुंगांत १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्यांचा अंत झाला. शूराच्या चरित्रांत झोंपेला एवढें स्थान द्यावें काय, असें कोणी विचारील. मला तर वाटतें, त्या थकव्यावरूनच त्यांनीं काय सोसलें असेल याचा अंदाज येतो.

आतां वैद्यांकडे वळूं. चरकसंहितेंत शरीराचे तीन आधार सांगितले आहेत: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. निद्रेला अन्नाच्या शेजारीं बसविणारें हें शास्त्र आहे. मन थकलें आणि इंद्रियें आपापल्या विषयांपासून परतलीं म्हणजे झोंप येते, असें तिचें लक्षण तेथें दिलें आहे. झोंपेचे सहा प्रकार केले आहेत, आणि त्यांत रात्रीच्या स्वभावानें येणारी जी झोंप, तिला भूतधात्री, म्हणजे प्राणिमात्राची दाई, असें सुंदर नांव दिलें आहे. झोंप न येण्याचीं कारणें पांच सांगितलीं आहेत: काम, काल, रोग, प्रकृति आणि वायु. कामाच्या व्यग्रतेनें झोंप उडते, वय झालें म्हणजे ती कमी होते, दुखणें असेल तर ती येत नाहीं, कांहींजण जन्मतःच हलक्या झोंपेचे असतात, आणि वायु बिघडला म्हणजे ती मोडते. आजच्या डॉक्टरानें रोग्याला विचारावयाचे प्रश्न याहून फारसे निराळे नाहींत.

उपायांची यादी तर वाचण्यासारखी आहे. अंगाला तेल, स्नान, अंग दाबणें, दूध, दहीभात, स्निग्ध पदार्थ, मांसरस, मद्य, डोक्याला लेप, मनाला रुचणारे सुगंध आणि शब्द, सुखाचें अंथरूण, सुखाचें घर, आणि योग्य वेळ. ज्याला झोंप येत नाहीं त्याला म्हशीचें दूध हितकारक, असेंही दुसऱ्या ठिकाणीं म्हटलें आहे. यांतील मद्याचा उपाय आज कोणी करूं नये. मद्यानें डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोंप फाटते, हें आतां पक्कें ठरलें आहे. बाकीच्या यादींत चूर्ण आणि गोळी यांना किती थोडी जागा आहे पाहा! जवळजवळ सर्व उपाय दिनचर्येचे आहेत. आणि दिवसां निजणें सामान्यतः निषिद्ध मानणाऱ्या याच शास्त्रानें कांहीं लोकांना त्यांतून सूट दिली आहे. ओझें वाहणारे, वाट चालून थकलेले, गाडीनें प्रवास करून शिणलेले, रात्रीं जागलेले, म्हातारे आणि मुलें, या सर्वांनीं दिवसां निजावें असें चरक सांगतो. ही यादी वाचतांना पनवेलचा धक्काच डोळ्यांपुढें येतो. वाग्भट तर मापही देतो: रात्रीं जितका वेळ जागरण झालें असेल त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशीं सकाळीं, जेवणापूर्वीं, निजावें.

या परंपरेंतले वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं पनवेल येथें श्रीधूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. तोंपर्यंतची रीति अशी कीं, वैद्यानें नाडी पाहावी, घरची चौकशी करावी, आणि खलांत औषध घोटून पुडी बांधून द्यावी. कारखान्यामुळें शुद्ध आणि एकसारखें औषध दूरदूरच्या गांवीं मिळूं लागलें, हा मोठाच लाभ झाला. पण कारखान्याचा माल बाटलींत किंवा डबींत जातो. घरची चौकशी बाटलींत भरतां येत नाहीं. अश्वगंधा घरोघर पोंचली, परंतु अभ्यंग, वेळेवरचें जेवण आणि वेळेवरचें अंथरूण हें जें तिच्या सोबत सांगितलेलें असे, तें मागें राहिलें. हा दोष कोणा एका कारखान्याचा नव्हे. औषध विकत मिळूं लागलें म्हणजे जगांत सर्वत्र हेंच होतें.

अश्वगंधेचें नांव निघालें म्हणून थोडें विषयांतर करतों. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तिच्या लॅटिन नांवांत सोम्निफेरा, म्हणजे निद्रा आणणारी, असा शब्द घातला आहे. अलीकडे तिच्यावर कांहीं लहान प्रयोग झाले, आणि त्यांत झोंपेला थोडाबहुत गुण आढळला. पण क्वचित् यकृताला अपाय झाल्याचींही उदाहरणें नोंदलीं गेलीं आहेत, आणि गर्भवती स्त्रियांनीं तर ती घेऊं नये. सर्पगंधेची कथा याहून बोधप्रद आहे. या मुळीवर १९३१ सालीं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं लेख लिहिला. १९४९ सालीं मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिचा गुण इंग्लंडांतील नियतकालिकांत मांडला आणि जगाचें लक्ष वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. कांहीं वर्षें त्याचा फार बोलबाला झाला. मग तें घेणारांपैकीं कांहींजण खोल औदासीन्यांत बुडतात असें दिसूं लागलें, आणि नवीं औषधें आल्यावर त्याचा वापर ओसरला. मूळ आपल्या रानांतलें आहे एवढ्यावरून तें निरुपद्रवी ठरत नाहीं. पाश्चात्त्यांच्या झोंपेच्या औषधांचा इतिहासही असाच आहे. १८६९ त क्लोरल आलें, १९०३ त व्हेरोनल आलें, १९६० पासून आणखी नवीन गोळ्या आल्या. प्रत्येकीचें स्वागत निर्धोक म्हणून झालें, आणि प्रत्येकीची संवय जडते हें मागाहून कळलें.

आणि अफू. तिच्याविषयीं बोलल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं, कारण आपल्याकडे झोंप विकत घेण्याची सर्वांत जुनी व स्वस्त तऱ्हा तीच होती. पनवेलहून खाडीपलीकडे दिसणाऱ्या मुंबईंत गिरण्यांचे भोंगे वाजूं लागले. दिवसभर यंत्रावर उभ्या राहणाऱ्या आयांपुढें प्रश्न असे कीं, तान्हें मूल सांभाळावें कोणीं? तेव्हां मुलाला बाळगोळी चाटविण्यांत येई. तिच्यांत अफू असे. मूल दिवसभर गुंगून पडे, आणि आई कामावर जाई. १९२० नंतरच्या दशकांत कामकरी स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरणींनीं ही चाल मुंबईच्या चाळींत किती सर्रास होती, हें उजेडांत आणलें. त्या आयांना दोष देण्यास माझी जीभ धजत नाहीं. पण कामाची वेळ माणसाच्या सोयीनें न ठरतां माणसाची झोंप कामाच्या सोयीनें ठरूं लागली, म्हणजे काय होतें, याचें इतकें उघडें उदाहरण दुसरें नसेल.

रेल्वे आली तेव्हां ती पनवेलला टाळून गेली. १८५३ सालीं मुंबई-ठाणें, १८५६ सालीं खोपोली, आणि १८६३ सालीं बोरघाट, अशी ती कल्याण-कर्जतच्या बाजूनें वर चढली. पुण्याचा उतारू पनवेलच्या धक्क्यावर रात्रीं-अपरात्रीं उतरेनासा झाला. गांवाचा व्यापार कांहींसा मंदावला, आणि रात्री शांत झाल्या. पुढें शंभर वर्षें गेलीं, आणि गेलेली वर्दळ दसपटीनें परत आली. १९६४ सालीं दिव्याहून पनवेलपर्यंत रूळ आले. १९७० पासून सिडकोनें नवी मुंबई वसविली. १९८९ सालीं न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली आणि मुंबईची लोकलही पनवेलला पोंचली. २००२ सालीं पुण्याचा द्रुतगति-मार्ग पुरा झाला. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. बंदर, रेल्वे, रस्ता आणि विमान, यांपैकीं कोणालाच रात्र नसते. पनवेलकर पुन्हां जागा झाला. फरक एवढाच कीं, जुन्या हमालाला ओहोटी सुट्टी देई. आजच्या कामकऱ्याला ती मिळत नाहीं.

शिवाय आतां उजेड आहे. १७२९ सालीं द मेराँ नांवाच्या फ्रेंच पंडितानें दिवसां पानें उघडणारें व रात्रीं मिटणारें एक झाड अंधारांत कोंडून ठेवलें, तरी तें आपल्या वेळीं उघडमीट करीतच राहिलें. म्हणजे घड्याळ झाडाच्या आंत होतें. असें घड्याळ आपल्याही पेशींत असतें, आणि तें कसें चालतें याच्या शोधाबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघां शास्त्रज्ञांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. माणसाचें हें घड्याळ चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटांनीं लांब चालतें, आणि सकाळच्या उजेडानें तें रोज जाग्यावर आणावें लागतें. रात्रींचा प्रखर उजेड तें उलट पुढें ढकलतो. मिणमिणत्या कंदिलाच्या काळीं हा उपद्रव नव्हता. आज दिवा मालविल्यावरही हातांत मोबाईलचा उजेड उरतो, आणि उजेडापेक्षांही वाईट म्हणजे त्यांतल्या बातम्या उरतात.

मग ज्याला झोंप येत नाहीं त्यानें करावें काय? १९७२ सालीं रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कांहीं साधे नियम घालून दिले. झोंप दाटून आली म्हणजेच अंथरुणावर जावें. बराच वेळ पडूनही डोळा लागला नाहीं तर उठून दुसऱ्या जागीं मंद उजेडांत बसावें, आणि पुन्हां झोंप दाटल्यावर परत यावें. अंथरुणावर वाचन, जेवण, काळजी यांना जागा देऊं नये. रात्र कशीही जावो, उठण्याची वेळ एकच ठेवावी. १९८७ सालीं आर्थर स्पीलमन यांनीं यांत भर घातली, ती ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल: झोंप येत नसेल तर अंथरुणावरचा वेळ वाढवूं नये, उलट कमी करावा, म्हणजे आहे ती झोंप एके ठिकाणीं गोळा होते. मात्र हा उपाय जाणत्याच्या देखरेखीखालीं करावा. आंकडी, उन्माद यांसारखे विकार असलेल्यांनीं आणि वाहन चालविणारांनीं तर स्वतःच्या मनानें मुळींच करूं नये. गोळीच्या आधीं या पद्धतीनेंच उपचार करावेत, असा सल्ला अमेरिकेंतील वैद्यमंडळानें २०१६ सालीं दिला. आपल्या घरांतून मात्र "नुसतें पडून राहा, झोंप येईल," असेंच सांगण्याची चाल आहे. ज्याची एखादीच रात्र बिघडली त्याला तें ठीक. ज्याला महिनोनमहिने झोंप येत नाहीं, त्याला तो सल्ला घातक होतो. कारण पडून राहतां राहतां अंथरूण हेंच त्याच्या जागरणाचें ठिकाण बनतें. आणि ज्याला घोरतां घोरतां श्वास अडून जाग येते, किंवा ज्याच्या मनाला जगणेंच नकोसें झालें आहे, त्यानें नियम पाळीत न बसतां डॉक्टराकडे जावें.

बूटझिनच्या नियमांत दिवसां निजूं नये असाही एक नियम आहे. तो दहा ते पांच काम करणारांसाठीं योग्य आहे. पण पनवेलच्या आजूबाजूला रात्रपाळी करणारांना तो कसा लागू पडावा? कळंबोलीच्या लोखंड-बाजारांत माल भरणारा हमाल, बंदराकडून घाटाकडे पेटारे नेणारा ट्रकवाला, विमानतळावरचा पहारेकरी, यांची गोष्ट निराळी. पहांटे दोन ते पांच या वेळांत वाहन चालविणाराला झांपड येते, आणि ट्रकवाल्याची ती झांपड त्याच्या एकट्याच्या जिवावर बेतत नाहीं. जुन्या गाडीवानाचे बैल वाट ओळखीत होते; ट्रक ओळखीत नाहीं. अशा माणसाला आजचे डॉक्टर रात्रपाळीपूर्वीं थोडें निजावयास सांगतात. पाळी संपल्यावर उन्हापासून डोळे जपीत घरीं जावें, खोली अंधारी करावी, आणि घरच्यांनीं त्या वेळीं त्याला हांक मारूं नये, असेंही सांगतात. वाग्भटानें त्याला सकाळीं जेवणापूर्वींची निम्मी झोंप देऊं केलीच आहे. आतां ती घेण्यापुरती जागा आणि सवड त्याला ट्रकतळावर, गोदामाच्या आवारांत आणि पाळीच्या वेळापत्रकांत मिळावी, एवढें पाहणें मालकांच्या आणि नगरपालांच्या हातीं आहे.